हट्टी क्रियापदं

मुलांनो, बस–बसला, हस–हसला, उठ–उठला. शेवटी 'ला' लावला की भूतकाळ तयार! मग 'कर'चं 'करला' का नाही? आणि 'जा'चं 'जाला'? आपण म्हणतो केला, गेला. तसंच ये–आला, हो–झाला, मर–मेला. नियमाला न जुमानणारी ही हट्टी मंडळी म्हणजे अनियमित क्रियापदं.

गंमत पाहा. 'जा' आला संस्कृतच्या 'या' धातूवरून आणि 'गेला' आला 'गम्' धातूच्या 'गत' या रूपावरून. दोघांनी मिळून एकच संसार थाटला! इंग्रजीतही तेच. 'गो'चा भूतकाळ 'वेंट' हा मुळात 'वेंड' या दुसऱ्याच क्रियापदाचा. इटालियन भाषेत 'मी जातो' म्हणजे 'वादो', पण 'आम्ही जातो' म्हणजे 'आंदियामो'!

असं का? जाणं, येणं, करणं हे शब्द रोज तोंडात असतात, म्हणून त्यांची जुनी रूपं विसरली जात नाहीत. कमी वापरातल्या शब्दांना लोक हळूहळू नियम लावून टाकतात. इंग्रजीत 'क्लाइम'चा, म्हणजे चढण्याचा, भूतकाळ पूर्वी 'क्लोम' असा होता. आता 'क्लाइम्ड' झाला.

तेव्हा इंग्रजी क्रियापदांचा लांबलचक तक्ता घोकू नका. त्यांची गोष्ट करा. देवमामलेदारांच्या यात्रेला गेला होतात ना? मग म्हणा : आय वेंट टू द यात्रा. आय सॉ द रथ. आय एट भेळ. आय केम होम. झाली की चार क्रियापदं!

आणि एक सांगू? धाकटी बहीण 'मी काम करलं' म्हणाली तर हसू नका. 'करलं' तिला कुणी शिकवलं नाही, नियम तिनं स्वतःच शोधलाय! वर्गात कुणी 'तो उना' म्हणालं तरी हसू नका. ती आपल्या बागलाणातली अहिराणी. तिचे नियम वेगळे. वहीत 'तो आला' लिहावं, घरी खुशाल 'तो उना' म्हणावं. हसू झालेलं मूल गप्प बसतं, आणि गप्प बसून कुठलीच भाषा येत नाही.

पालकांनो, चूक दाखवून थांबवू नका. 'हो का, काम केलंस?' एवढंच म्हणा. बरोबर रूप आपोआप कानावर पडेल.

या आठवड्याचं काम : सांग, माग आणि पी यांचा भूतकाळ लिहा. अशी आणखी पाच हट्टी क्रियापदं शोधा. आजीची मदत घेतली तरी चालेल!