स्कूटरच्या टायरकडे कधी बघता का?

मैत्रिणींनो, कुकरची रिंग ढिली झाली की आपण दुसऱ्याच दिवशी नवी आणतो. पण दारातल्या स्कूटरचा टायर पार गुळगुळीत झाला, तरी ‘चालतोय की अजून’ म्हणून वर्ष ढकललं जातं. त्याच गाडीवरून यजमान कामाला जातात आणि मुलं क्लासला जातात! मलकापुरातून तर पुणे–बंगळूर हायवेच जातो. कराडला एवढंसं जायचं तरी मालट्रकच्या शेजारून जावं लागतं. चालत्या गाडीचा रस्त्याला टेकलेला भाग दर चाकामागे जेमतेम तळहाताएवढा असतो. घरची माणसं तेवढ्यावर तोललेली असतात.

हा टायर इतका भरवशाचा व्हायला शंभराहून जास्त वर्षं लागली. कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट व्हायचं आणि थंडीत तडकायचं. अमेरिकेच्या चार्ल्स गुडइयरनं १८३९ साली रबरात गंधक मिसळून ते तापवलं, तेव्हा कुठं ते टिकाऊ झालं. एवढा मोठा शोध लावूनही बिचारा १८६० साली कर्जातच वारला. त्याच्या नावाची प्रसिद्ध कंपनी १८९८ साली निघाली, तीही दुसऱ्यांनी काढलेली.

चाकात हवा भरायची कल्पना १८४५ साली रॉबर्ट थॉमसननं नोंदवली होती, पण ती मागे पडली. पुढे १८८८ साली बेलफास्टमधले जनावरांचे डॉक्टर जॉन डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलला हवेचे टायर बसवले. मुलाला हादरे बसू नयेत, एवढाच हेतू! आता ऊसतोडीच्या दिवसांत रेठऱ्याच्या कारखान्याकडे निघालेल्या गाड्या आठवा. रबरी टायरच्या त्या बैलगाडीला आपल्याकडे ‘डनलॉप’ म्हणतात, ते याच गृहस्थांचं नाव. एका बापाची माया आपल्या बैलांनाही पावली म्हणायची.

आपल्या महाराष्ट्रातलं नाव म्हणजे सिएट. ही मूळची इटलीतल्या तुरीन शहरातली कंपनी, १९२४ सालची. नावातली अक्षरं चक्क विजेच्या तारांची आहेत, कारण मूळ धंदा तोच. १९५८ साली टाटांच्या सहकार्यानं ती मुंबईत आली आणि १९८२ साली गोएंकांकडे गेली. भांडुप आणि नाशिकला तिचे कारखाने. गेंड्याची ती जाहिरात तुम्हाला आठवत असेलच.

दरम्यान टायरही सुधारत गेला. रबरात काजळी मिसळल्यानं तो काळा झाला आणि कितीतरी जास्त टिकू लागला. १९४६ साली फ्रान्सच्या मिशेलिन कंपनीनं रेडियल टायरची नोंद केली. त्यात आतले धागे आडवे, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ असतात. त्यामुळे टायर कमी तापतो आणि रस्ता चांगला धरतो. मग ट्यूबलेस आले. ट्यूब फुटली की हवा झपकन जाते. ट्यूबलेसमध्ये खिळा घुसला तरी बहुधा हळूहळू जाते आणि गाडी कडेला घ्यायला अवधी मिळतो. आता तर आतून चिकट थर दिलेले टायर मिळतात. लहानसं भोक तो थर आपोआप बुजवतो.

पण एक गोष्ट कुठल्याही कंपनीला करता आलेली नाही. तुमच्या दारात येऊन हवा कोण बघणार? ते काम घरच्यांचंच. तेव्हा एवढं कराच:

पंधरा दिवसांतून एकदा, टायर थंड असताना हवा तपासून घ्या. किती हवी ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. दोघं बसणार असाल तर मागच्या चाकात जास्त लागते. हवा कमी असली की टायरच्या कडा सारख्या दुमडतात, तापतात आणि एखाद्या दिवशी फुटतात.

टायरच्या खाचांत तळाशी बारीक उंचवटे असतात. वरचं रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं, की टायर संपला. पावसाळ्यात असा टायर ओल्या रस्त्यावर घसरलाच म्हणून समजा.

टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असेल तर २०१९ सालातल्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नवा घेताना ते बघा. वर्षानुवर्षं दुकानात पडून राहिलेला माल घेऊ नका. बाजूला चिरा पडल्या असतील तर खाचा शाबूत असूनही तो बदला.

धुताना साबणाचं पाणी पुरे. चकाकी यावी म्हणून रॉकेल किंवा तेल मुळीच लावू नका, रबर खराब होतं. व्हॉल्व्हचं टोपण हरवलं असेल तर आजच बसवा.

आणि पैशांचं म्हणाल, तर किराणा-दुधाच्या हिशेबात दर महिन्याला थोडे बाजूला टाका, टायरचे म्हणूनच. ‘पुढच्या महिन्यात बघू’ असं हे म्हणाले, तर पैसे पुढे करा आणि सांगा, “आधी टायर, मग बाकीचं.”