रुमाल टाका, जागा धरा

मे महिन्यात नवीन जालन्यातून पुण्याला जायचं तर आधी खिसा चाचपावा, मग बॅग भरावी. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. नोव्हेंबर 2024 पर्यंत 120 दिवस मिळायचे. आमच्या घरात मात्र बेत ठरतो पोरांच्या निकालादिवशी. मग वेटिंगचे आकडे बघायचे आणि तत्काळसाठी सकाळी अकराला मोबाइल हातात धरून देव पाण्यात ठेवायचे. उरली ट्रॅव्हल्स. खासगी बसवाल्यांनी एसटीच्या दीडपटीहून जास्त भाडं घेऊ नये, असा शासन निर्णय 27 एप्रिल 2018चा आहे. गेल्या उन्हाळ्यात मी तो काउंटरवरच्या पोराला ऐकवला. त्यानं सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली आणि म्हणाला, ‘‘बरोबर आहे काका तुमचं. मागची सीट देऊ का?’’ शेवटी लाल परीच! खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची विद्या माझ्या हातात अजून शाबूत आहे (मुलीला त्याची लाज वाटते, बसते मात्र त्याच सीटवर). मार्च 2023 पासून बायकांना निम्मं तिकीट, पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आईला तर त्याआधीपासूनच फुकट. जानेवारी 2025ची जवळपास 15 टक्क्यांची भाडेवाढ पुरती भरणारा घरात मी एकटाच. कंडक्टरनं वयाचा पुरावा मागितला तेव्हा आईनं कनवटीची पिशवी सोडली, आधार कार्ड दाखवलं, आणि मोसंबीची एक फोड त्याच्याही हातावर ठेवली.