हाताचा घाम काय सांगतो?



गेल्या पौर्णिमेला विहारात वंदना आटोपल्यावर वस्तीतला एक २१ वर्षांचा तरुण आमच्यापाशी येऊन बसला. दोन महिन्यांपासून तो टेम्पो चालवतो. म्हणाला, "काका, गर्दीत गाडी घातली की तळवे ओले होतात, छाती धडधडते. बाबा चारचौघांत म्हणतात, पोरगा भित्रा निघाला." आम्ही त्याला म्हणालो, "बाळ, हा भित्रेपणा नव्हे. तुझे शरीर बोलते आहे."

ही आमची नुसती समजूत नाही. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या जेनिफर हीली आणि रोझालिंड पिकार्ड या संशोधक महिलांनी बोस्टन शहरात चालकांवर एक प्रयोग केला. त्याचा अहवाल २००५ साली प्रसिद्ध झाला. गाडी चालवताना चालकाच्या हृदयाचे ठोके, श्वास, खांद्याच्या स्नायूंचा ताण आणि हातापायांच्या त्वचेवरील घाम यंत्राने टिपला. आधी गाडी उभी ठेवून विश्रांती, मग शहरातील गर्दी आणि महामार्ग, असा किमान ५० मिनिटांचा क्रम होता. अशा २४ फेऱ्या तपासल्या. केवळ पाच-पाच मिनिटांच्या नोंदींवरून चालक विश्रांतीत आहे, महामार्गावर आहे की शहराच्या गर्दीत, हे ९७ टक्क्यांहून अधिक वेळा बरोबर ओळखता आले. त्यातही त्वचेची आणि हृदयाची साक्ष सर्वांत खरी ठरली.

याचे कारण सोपे आहे. मनावर ताण आला की तळहातांतील घर्मग्रंथी जाग्या होतात. ओल्या त्वचेतून सूक्ष्म वीज सहज वाहते, ती यंत्र मोजते. नवशिक्याला क्लच, आरसा, रिक्षा, पादचारी या सगळ्यांकडे मुद्दाम लक्ष द्यावे लागते. जुन्या चालकाचे हातपाय ते सवयीने करतात. म्हणून तरुणाला ताण अधिक.

मात्र यंत्र ताण दाखवते, ताणाचे कारण दाखवत नाही. घाम उन्हानेही येतो. ठोके आनंदानेही वाढतात. कारण माणसानेच माणसाला विचारावे लागते. हप्ता थकला आहे का? रात्री झोप झाली का? घरून निघताना भांडण झाले का? उद्या अशी यंत्रे मालकांच्या हाती आली, तर ती चालकाला विश्रांती देण्यासाठी वापरावीत, कामावरून काढण्यासाठी नव्हे.

परमपूज्य बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात मजूर मंत्री होते. कामाचे तास मर्यादित असावेत यासाठी ते झटले. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली झालेल्या कायद्याने दिवसाला आठ तास आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती ठरवली. कामगार संहिता बदलल्या, तरी शरीराची ती गरज बदललेली नाही.

भगवान बुद्धांनी तर कोणत्याही यंत्राशिवाय शरीराकडे आणि श्वासाकडे पाहायला शिकवले. श्वास उथळ झाला, खांदे आवळले, हे ज्याला वेळीच कळते तो सावध होतो. परंतु चालत्या गाडीत ध्यान करू नये! गाडी सुरक्षित जागी बाजूला लावावी, पाणी प्यावे, पाच मिनिटे श्वास पाहावा, मगच निघावे. ताण घालवायला दारूचा आधार घेणे म्हणजे पंचशीलाचाही भंग आणि जिवाशीही खेळ.

मातापित्यांना आमची विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी गाडीवर असताना वारंवार फोन करू नका. घामाला हसू नका. अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी हौसेने गाडीची किल्ली देऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अशा अपघातात पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

त्या तरुणाच्या वडिलांना आम्ही विहारातच गाठले. सारे ऐकून ते थोडा वेळ गप्प राहिले. मग मुलाला म्हणाले, "उद्या सकाळी मी बाजूला बसतो. तू चालव."

जय भीम! नमो बुद्धाय!