‘या वयात’ म्हणू नका!

‘रोलिंग स्टोन्स’ या इंग्लंडमधल्या मुरलेल्या रॉक मंडळींचा ‘हॅकनी डायमंड्स’ हा अल्बम ऑक्टोबर २०२३ मध्ये बाहेर पडला, तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये एका तरुण सहकाऱ्याने मला छेडले, “काय ओ सर, ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याचं गाणं ऐकताय? घरात बसून नातवंडं खेळवावीत की त्यानं!” शेजारच्या बाईंनी लगेच मध्यस्थी केली, “असू दे ओ, या वयात गातात हेच पुष्कळ झालं.” पहिल्या वाक्याचा मला राग आला नाही. दुसऱ्याचा आला, आणि तो अजून गेलेला नाही.

‘या वयात’ हे शब्द कौतुकाचे वाटतात खरे, पण ते उच्चारताना आपण त्या माणसाला आधीच मोडीत काढलेले असते. पहिलीतल्या पोराने बेचा पाढा म्हटला की आपण जशी टाळी वाजवतो, तशी ही टाळी. मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स दोघेही १९४३ चे. अल्बम आला तेव्हा एकाने ऐंशी ओलांडली होती, दुसरा दोन महिन्यांनी ओलांडणार होता. असेल. गाणे बरे की वाईट हे जन्मदाखल्यावरून ठरवायचे असेल, तर कान कशाला दिलेत?

विचारायचेच असेल तर दुसरा प्रश्न विचारा. मधली अठरा वर्षे ही मंडळी काय करीत होती?

याआधीचा त्यांचा स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम ‘अ बिगर बँग’, तो २००५ चा. त्यानंतर २०१६ मध्ये ‘ब्लू अँड लोन्सम’ आला, पण त्यात सगळी गाणी दुसऱ्यांची, जुन्या ब्लूज गायकांची. आणि तो अवघ्या तीन दिवसांत मुद्रित झाला होता. बाकी एखाददुसरे सुटे गाणे. याच लोकांनी १९६८ ते १९७२ या पाच वर्षांत ‘बेगर्स बँक्वेट’, ‘लेट इट ब्लीड’, ‘स्टिकी फिंगर्स’ आणि ‘एग्झाइल ऑन मेन स्ट्रीट’ असे चार अल्बम दिले होते. मग हा उपास वयामुळे पडला म्हणावे, तर ‘बिगर बँग’च्या नावाने २००७ पर्यंत चाललेल्या दौऱ्यात ते जगभर नाचले, आणि त्या दौऱ्याने पंचावन्न कोटी डॉलरांहून अधिक मिळवले. पाय थकले नव्हते, गळाही नाही. नवे करण्याची गरजच उरली नव्हती. १९६५ चे ‘सॅटिस्फॅक्शन’ वाजवले की मैदान उसळते, मग कोण कशाला रात्र जागवून नवी चाल शोधील?

आणि ही सवय त्यांना कोणी लावली? आपण श्रोत्यांनीच. एप्रिल २००३ मध्ये ते आपल्या देशात आले होते. ४ तारखेला बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर, ७ ला मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर. (मी गेलो नव्हतो. उत्तरपत्रिका तपासायच्या होत्या.) तो दौरा ‘फॉर्टी लिक्स’ या संग्रहाच्या निमित्ताने निघाला होता. चाळीस गाण्यांचा संग्रह, त्यात नवी फक्त चार! लोक तरीही तृप्त. नवे गाणे सुरू झाले की पाणी प्यायला उठणारे आणि जुने लागले की खुर्चीवर उभे राहणारे श्रोते केवळ विलायतेत असतात असे नाही. आपल्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व क्षयातून उठून, काही वर्षांच्या सक्तीच्या मौनानंतर पुन्हा गायला बसले ते नव्या रीतीने. तेव्हा नाक मुरडणारे काही थोडे नव्हते.

‘हॅकनी डायमंड्स’ झाला कसा, ते पाहण्यासारखे आहे. आळसाची कबुली खुद्द जॅगरने दिली. २०२२ च्या नाताळाच्या सुमारास मंडळी स्टुडिओत बसली आणि फेब्रुवारीतल्या व्हॅलेंटाइन दिनाची मुदत घालून घेतली. वर्षानुवर्षे रेंगाळलेले काम काही आठवड्यांत मार्गी लागले. वय तेच होते, किंबहुना वाढलेले.

आता अल्बमविषयी. निर्माता अँड्र्यू वॉट १९९० चा, म्हणजे यांच्या नातवाच्या वयाचा. त्याने पोरांना चकवले, पण मला नाही. सगळ्या आवाजांना इतकी चकाकी आणली आहे की काही गाणी नव्या स्टीलच्या भांड्यांच्या दुकानासारखी वाटतात. लंडनच्या बोलीत फुटलेल्या काचांच्या सड्याला ‘हॅकनी डायमंड्स’ म्हणतात. ते नाव घेऊन एवढी झाडलोट का केली, कळत नाही. पाहुणेही फार. पॉल मॅकार्टनी एका गाण्यात बास वाजवतो, एल्टन जॉन पियानोवर आहे, ‘स्वीट साउंड्स ऑफ हेवन’मध्ये लेडी गागा आणि स्टीव्ही वंडर. हे सात मिनिटांचे गाणे मात्र खरोखर उंच जाते, तिथे माझी तक्रार नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये गेलेल्या चार्ली वॉट्सचा ठेका दोन गाण्यांत आहे, २०१९ मध्ये मुद्रित केलेला. त्यांपैकी ‘लिव्ह बाय द सोर्ड’मध्ये १९९३ साली मंडळी सोडून गेलेला बिल वायमनही परतला आहे. ते दोघे एकत्र वाजू लागले की चकाकीचा विसर पडतो.

सर्वांत चांगले गाणे शेवटचे. ते मडी वॉटर्सचे, १९५० चे, त्यावरूनच यांनी १९६२ मध्ये आपले नाव घेतले. रिचर्ड्सची गिटार, जॅगरचा गळा आणि माउथऑर्गन. तिसरे कोणी नाही. दोघांची ओळख नव्याने जुळली ती १९६१ मध्ये डार्टफर्ड स्टेशनच्या फलाटावर, जॅगरच्या काखेतल्या तबकड्या पाहून. त्यांत याच मडी वॉटर्सची एक होती. नव्या अल्बममधले उत्तम गाणे सर्वांत जुने निघावे, हे माझ्याच म्हणण्याला अडचणीचे आहे, पण ते लपवण्यात अर्थ नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत अल्बमला सर्वोत्तम रॉक अल्बमचे ग्रॅमी मिळाले. ते गाण्यांना मिळाले की ‘या वयात’ला, याची मला शंकाच आहे.

परवा मधल्या सुट्टीत मी स्टाफरूममधल्या त्या बाईंना वय न सांगता चार गाणी ऐकवली. “गाणारा कोण ओ हा?” असे त्यांनी विचारले नाही. शेवटचे गाणे त्यांनी पुन्हा लावायला सांगितले, आणि ‘अँग्री’ हे पहिले गाणे मात्र निम्म्यावर बंद करा म्हणाल्या.