दीड मात्रा आणि आपली दिडकी



मागच्या पालकसभेत एक सूचना आली. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द आपल्या वर्गातून काढून टाकावेत. इथली मुले 'वन पॉइंट फाइव्ह' म्हणतात, त्यांना हे जादा ओझे कशाला? त्या दिवशी मी गप्प बसले. आज मात्र विरोध नोंदवते, आणि माझे कारण संगीतातले आहे.

माझी मुलगी पाचवीत आहे. शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते. कागदावरचे सूर ती चटकन ओळखायला लागली, पण ताल वाचताना अडायची. "मला बँड सोडायचाय" इथपर्यंत गोष्ट गेली. अडचण होती एका टिंबाची.

खरे तर तालाचे वाचन अवघड नाही. सुरुवातीला एकाखाली एक दोन आकडे असतात. वरचा सांगतो, एका बारमध्ये मात्रा किती. खालचा सांगतो, कोणते चिन्ह एका मात्रेचे. वर ४ आणि खाली ४ असेल, तर क्वार्टर नोटची एक मात्रा. मग हाफ नोटच्या दोन, होल नोटच्या चार, एट्थ नोटची अर्धी आणि सिक्स्टीन्थ नोटची पाव. मुलांनो, इथे फसू नका! क्वार्टर म्हणजे पाव खरे, पण ती होल नोटची पाव, मात्रेची नव्हे.

आता टिंब. चिन्हाच्या उजवीकडे टिंब आले की त्याची किंमत निम्म्याने वाढते. क्वार्टर नोटला टिंब म्हणजे एक मात्रा अधिक अर्धी. आमची मुलगी हा हिशेब मनात करेपर्यंत बँड पुढे निघून गेलेला असायचा.

तेव्हा माझ्या सासूबाई इथे आल्या होत्या. भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "अगं, दीड म्हण की! दीड नि अर्धा, दोन." त्यांनी लहानपणी पावकी, निमकी, दिडकी घोकलेली. मुलीने पेन्सिलीने चिन्हांवर 'दीड', 'अर्धी' लिहिले आणि टाळी देत म्हणून पाहिले. एका दिवसात जादू झाली नाही, पण बँड सुटला नाही. पुढे एट्थ नोटला टिंब आले, तेव्हा तीच म्हणाली, "आजी, ही पाऊण, आणि पुढची पाव. झाली एक!"

हीच दीड मात्रा आपल्या लिपीतही आहे. पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांच्या पद्धतीत एका मात्रेत बसणाऱ्या स्वरांखाली अर्धगोल काढतात. पहिल्या मात्रेत 'सा', दुसरीत अर्धगोलावर '-रे' असे लिहिले की सा दीड मात्रेचा, रे अर्ध्या मात्रेचा. तबल्याच्या वर्गातली मुले एका मात्रेत 'तिरकिट' म्हणतात, ते चार पावच. तेव्हा तबला आणि बँड यांतले एकच निवडा, असे मुलांना सांगू नये. एक दुसऱ्याच्या उपयोगी पडते.

कोणी म्हणेल, इंग्रजीत मोजूनही लाखो मुले वाजवतात. अगदी मान्य. पण आपल्याकडे पाऊण, सव्वा, दीड, अडीच यांना एकेक सुटसुटीत शब्द आहे. घरात असलेले हत्यार गंजू का द्यायचे?

म्हणून माझी विनंती : हे शब्द काढू नका, उलट वर्ग सुटण्यापूर्वी दहा मिनिटे त्यांना द्या. हाताने सारख्या अंतराने टाळी, तोंडाने 'दीड, अर्धी, एक, एक'. चार मात्रा भरतात की नाही, ते मुलेच सांगतील. विश्रांतीचे चिन्ह आले तर तोंड बंद, पण टाळी चालू. कारण शांततेच्याही मात्रा मोजाव्या लागतात.

पुढच्या पालकसभेत मी गप्प बसणार नाही.

— एक पालक