एसी 'नंतर बघू' म्हणण्याची गोष्ट नाही

मंडळी, या ब्लॉगवर आजवर कविता, पाठ्यपुस्तकं, लोणच्याचा मसाला असल्या विषयांवर लिहिलं. आज मोटारीतल्या एसीबद्दल लिहिणार आहे. हसू नका. बी.ए. मराठीची शिक्षिका आणि मोटारीत नाक खुपसते, असं आमचे बंधुराज म्हणणारच. पण गेले दोन उन्हाळे मी लेकीकडे मॅसॅच्युसेट्समध्ये होते आणि जावईबापूंच्या गराजमध्ये खुर्ची टाकून बसण्यात माझे बरेच शनिवार गेले. तेव्हा नाक खुपसण्याचा थोडाफार हक्क मला आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : किट कार म्हणजे सुट्या भागांतून घरी जोडायची गाडी. सांगाडा आणि फायबरग्लासचं अंग एका कंपनीकडून येतं, इंजिन दुसरीकडून आणि बाकीचं आपण जमवायचं. जावई जोडताहेत ती १९६४ सालच्या शेल्बी डेटोना कूपेची प्रतिकृती. मूळ गाड्या फक्त सहाच बनल्या. त्यांतल्या एकीने १९६४ साली ले मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या वर्गात पहिला नंबर काढला. छप्पर बंद, काच तिरपी, इंजिन पुढ्यात. आत बसणारा अक्षरशः भाजून निघायचा, असं तिच्याबद्दल वाचायला मिळतं. शर्यतीत ते ठीक आहे. पण शेजारच्या सीटवर माझी लेक बसणार आहे आणि तिला उकाडा आणि पेट्रोलचा वास एकत्र आले की अर्धशिशी उठते. ती कुणाला काही बोलत नाही, फक्त पुढच्या वेळी 'तुम्ही जाऊन या' म्हणते. तीन वर्षांची मेहनत आणि घरातले इतके पैसे घातलेली गाडी नवरा एकटाच चालवणार असेल, तर ती कशासाठी?

जावयांचं म्हणणं असं, "आई, आत्ता फक्त हीटर बसवतो. एसीचं नंतर बघू." माझा आक्षेप या 'नंतर'ला आहे. एसी ही डॅशबोर्डखाली चिकटवायची वस्तू नव्हे, तो गाडीभर पसरलेला असतो. कंप्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो, म्हणजे इंजिनापुढची कप्प्यांची मांडणी बदलते. कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यात बसतो आणि आपली गरम हवा त्याच्यावरच सोडतो, म्हणजे रेडिएटर आणि पंखा आधीपासूनच दमदार हवेत. नळ्या फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून आत येतात. आणि आतलं मुख्य खोकं, ज्यात इव्हॅपोरेटर, हीटरची जाळी आणि पंखा असतो, ते डॅशबोर्डच्या मागे बसतं. नंतर बसवायचं म्हणजे डॅशबोर्ड, वायरिंग, वायपर सगळं परत काढायचं. रंग होऊन गेलेली गाडी कोण उकलून बसतो? आमच्याकडे 'नंतर प्लास्टर करू' म्हणून सोडलेल्या गच्चीच्या भिंती आठवा.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. लोकांना वाटतं हीटर थंडीसाठी आणि एसी उन्हाळ्यासाठी. पण काचेवर धुकं धरतं त्याचं काय? हा तर आपल्या भूगोलाच्या पुस्तकातला सांद्रीभवनाचा धडा. दोन माणसांच्या श्वासातली वाफ, बाहेर पाऊस, काच गार, की बाष्पाचे थेंब आतून जमणारच. किट कारसाठी जी तयार खोकी मिळतात, त्यातली बहुतेक बाहेरची हवा घेतच नाहीत, आतलीच फिरवतात. नुसता हीटर लावला तर तीच ओली हवा गरम होऊन फिरत राहते. काच पुसायची तर हवा कोरडी हवी, आणि कोरडी करतो तो इव्हॅपोरेटर. त्याच्या गार जाळीवर बाष्पाचं पाणी होतं आणि ते नळीवाटे रस्त्यावर टपकतं. (ही नळी तुंबली तर शेजारी बसणारीच्या चपला भिजतात. तिला नीट उतार द्या.) मग तीच कोरडी हवा हीटरवरून नेऊन काचेवर सोडायची. म्हणून पावसाळी सकाळीसुद्धा एसी आणि हीटर एकत्र चालवायचे असतात. कडाक्याच्या थंडीत कंप्रेसर चालत नाही हे खरं, पण तिथे रस्त्यांवर मीठ टाकतात त्या दिवसांत असली लाडकी गाडी कुणी बाहेर काढत नाही. न्यू इंग्लंडचा ऑक्टोबर आणि एप्रिल मात्र काढतात, आणि तेव्हाच ही रिपरिप असते. समोरची काच दिसणं ही चैन नव्हे.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे : गरम, गार आणि काचेवरचा झोत, तिन्ही एकाच खोक्यात असलेलं घ्या. नुसतं गार करणारं स्वस्त पडतं म्हणून घेऊ नका.

आता 'किती टनाचा?' हा प्रश्न. सगळे पुरुष तिथेच अडकतात. टन हे खरं तर बर्फाचं माप. दोन हजार पौंड बर्फ चोवीस तासांत वितळायला जितकी उष्णता लागते, तितकी काढून टाकणारं यंत्र एक टनाचं, ताशी बारा हजार बीटीयू. इवल्याशा गाडीला जवळपास खोलीएवढाच एसी लागतो याचं आश्चर्य वाटतं, पण काचेवर ऊन पडतं, खाली सायलेन्सरची नळी, पायाशी गिअरबॉक्स. अशा ठिकाणी मोठं खोकं आणून बसवणं म्हणजे चुलीवरच्या पातेल्यात बर्फ टाकत राहणं. आधी उष्णता अडवा. फायरवॉलला आणि गिअरबॉक्सच्या बोगद्याला आतून उष्णतारोधक थर द्या, प्रत्येक भोक रबरी बुचाने बंद करा. हे दुहेरी कामाचं आहे, कारण तीच हवा आत फिरत असताना भोकातून इंजिनाचा धूर शिरला तर प्रश्न अर्धशिशीवर थांबणार नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याची घंटी लावायला फारसे पैसे पडत नाहीत. ती लावाच, असं मी जावयांना दोनदा सांगितलंय.

हीटरच्या नळीवर पाणी पूर्ण बंद करणारा व्हॉल्व्हही हवा. तो नसेल तर उन्हाळ्यात इंजिनाचं उकळतं पाणी इव्हॅपोरेटरच्या कुशीत फिरत राहतं आणि मग 'एसी गार करत नाही' म्हणून गॅसला दोष दिला जातो.

वजनाचा आणि ताकदीचा युक्तिवाद मी ऐकून घेतला. सगळं मिळून साधारण एका भरलेल्या गॅस सिलिंडरच्या आसपास वजन वाढतं आणि कंप्रेसर थोडी अश्वशक्ती खातो. इंजिन चारशेच्या वर अश्वशक्तीचं आहे! त्यातले दोन-चार घोडे लेकीसाठी पाणी वाहतील तर काय बिघडतं? हां, इंग्लंडमधल्या त्या छोट्या उघड्या गाड्या, १९५७ च्या लोटस सेव्हनच्या वंशातल्या, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यात दारंही धड नसतात. तिथे छोटा हीटर आणि तापणारी काच पुरे, एसी लावणं म्हणजे अंगणात कूलर लावणं. आपल्या पद्मिनीला ती त्रिकोणी काच होती ना, वळवली की वारा थेट तोंडावर, तो जमाना तसल्याच गाड्यांत उरलाय. बंद कूपेत तो सापडणार नाही.

'मूळ गाडीत नव्हता' हाही युक्तिवाद झाला. मूळ गाडीत इंधन इंजेक्शनचा संगणकही नव्हता, तो चालतो! आणि एसी काही कालचा नाही. पॅकार्ड कंपनीने १९४० च्या मॉडेलमध्ये तो दिला होता, अर्धी डिकी खाणारा का होईना.

गॅस भरण्याचं काम मात्र घरी नको, असं माझं मत. जुना आर-१२ ओझोनमुळे गेला, आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही पण वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त. तो हवेत सोडणं तिकडे कायद्याने गुन्हा आहे. शिवाय आतलं बाष्प व्हॅक्यूम पंपाने ओढून काढावं लागतं. जोडणी आपण करावी, नळ्यांची तोंडं शेवटपर्यंत बुचं लावून ठेवावीत, ओल शोषणारी बाटली, म्हणजे ड्रायर, सगळ्यात शेवटी उघडावी आणि मग परवानाधारक माणसाकडे जावं.

सगळं धरून दीड-दोन हजार डॉलर जास्तीचे जातील. जावई म्हणाले, "आई, त्यात चाकं येतात चांगली." येतात. मी त्यांना एवढंच सांगितलं की आधीची चाकं गोलच आहेत.

कालच्या फोनवर कळलं की त्यांनी डॅशबोर्ड अजून बसवलेला नाही आणि पुठ्ठ्याचं एक खोकं कापून मागे जागा पुरते का ते मापताहेत. लेक म्हणाली, झोत कुठल्या बाजूला येणार हे तिला विचारलं. तिने डाव्या गुडघ्याजवळ एक आणि तोंडासमोर एक मागितलाय. दोन्ही मिळतील असं दिसतंय. तुमच्यापैकी कुणी किंवा कुणाच्या मुलांनी असली गाडी जोडली असेल तर प्रतिक्रियांत जरूर लिहा, विशेषतः पाण्याची नळी कुठून काढली ते.