माजरीचा कोळसा आणि माजरीच्या लेकरांचं ताट



माजरीच्या खाणींतून वेस्टर्न कोलफील्ड्स म्हणजेच वेकोलि वर्षानुवर्षं कोळसा काढते. त्यावर सरकारला रॉयल्टी मिळतेच. शिवाय 2015 पासून जुन्या खाणपट्ट्यांसाठी रॉयल्टीच्या 30 टक्के इतकी वेगळी रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानात भरावी लागते. हा पैसा खाणीची धूळ खाणाऱ्या गावांचा आहे. महिला आणि बालकल्याण हा त्यातला प्राधान्याचा विषय आहे. रस्ते आणि इमारती यांच्या आधी हा पैसा गरोदर बाईच्या आणि तिच्या लेकराच्या ताटात आला पाहिजे.

ठेकेदाराकडे रोजीनं जाणारी बाई दिवस भरत आले तरी कामावर असते. घरात सगळ्यांना वाढून उरेल ते खाते. तिचं बाळ कमी वजनाचं जन्मलं की दोष तिलाच. डाळ आणि अंडं चांगलं, हे तिला कोणी शिकवायला नको. ते घ्यायला हातात पैसा हवा.

2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यानं तिला गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर सहा महिने अंगणवाडीतून मोफत आहार मिळायला हवा: रोज 600 कॅलरी, 18 ते 20 ग्रॅम प्रथिनं. कुपोषित लेकराला 800 कॅलरी. शिवाय आईला किमान 6000 रुपये. प्रत्यक्षात मातृवंदना योजना पहिल्या बाळाला 5000 देते, आणि दुसऱ्या वेळी मुलगी झाली तरच 6000. दुसरा मुलगा झाला तरी बाळंतिणीची भूक तेवढीच असते!

अंगणवाडीतून आहाराचं पाकीट घरी गेलं की घरभर वाटलं जातं. भुकेल्या घरात दुसरं काय होणार? म्हणून गरम जेवण अंगणवाडीतच वाढा, अंड्यासह. अनुसूचित क्षेत्रातल्या मातांसाठी अमृत आहार योजना 2015 मध्येच आली. तसंच ताट खाणपट्ट्यातल्या प्रत्येक वस्तीत मिळावं, खर्च खनिज प्रतिष्ठानातून व्हावा, ही आमची मागणी आहे.

अंगणवाडीत "तुमचं नाव इथल्या यादीत नाही" असं ऐकून परत फिरू नका. वस्तीत अंगणवाडीच नसेल, तर ती मागा: सहा वर्षांखालची किमान 40 मुलं असलेल्या वस्तीनं मागणी केली, तर तीन महिन्यांत अंगणवाडी द्यावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा 13 डिसेंबर 2006 चा आदेश आहे. झोपडपट्ट्यांनाही तो लागू आहे.

वस्तीतली मुलं मोजा, बाहेरगावाहून आलेल्यांचीही. सहा महिन्यांवरच्या ज्या लेकराच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरेल, त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्या. अर्ज बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या नावे दोन प्रतींत करा, एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. ग्रामसभेत खनिज प्रतिष्ठानाच्या पैशाचा ठराव मांडा, आणि तो बायांनी मांडावा.